दुसरी भाकर

माझ्या लेकीनं दिवाळीत जपानहून आणलेला तो डबा सहा महिने माझ्या जालन्यातल्या घरी फ्रिजच्या दारात पडून होता. तळहातावर मावेल एवढा चौकोनी प्लास्टिकचा डबा, आत विटकरी लाल रंगाचा लगदा, आणि बाहेर एक अक्षर कळेल तर शपथ अशी लिपी. लेक तिकडं म्हाताऱ्या माणसांच्या एका वसतिगृहात त्यांची देखभाल करायला असते. देताना म्हणाली होती, "मम्मी, हे लाल मिसो. सोयाबीनचं असतं, वर्षभर मुरवतात. आमच्याकडचे आजी-आजोबा रोज सकाळी याचं सूप पितात. वरणात चमचाभर कालव, पण नंतर उकळू नको. आणि जपून टाक." आमच्याकडे परदेशातून आलेली वस्तू जपूनच टाकतात, म्हणजे लवकर संपू नये म्हणून. मी तसंच समजले आणि इतकं जपलं की डबा उघडलाच नाही.

वाटूरला माझं माहेर. तिथं अण्णा आणि माय, दोघंच. मी एकुलती एक, त्यामुळे लेकाचे आणि लेकीचे असे दोन्ही अधिकार मी लहानपणापासून गाजवत आले. त्यात पंचवीस वर्षं शाळेत शिकवलेलं. समोरच्याला काही येत नाही असं धरूनच तू बोलायला सुरुवात करतेस, असं माझा नवरा म्हणतो. तो खोटं बोलत नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात अण्णांना दम लागायला लागला. आडवं पडलं की जीव घाबरायचा, म्हणून रात्रभर भिंतीला टेकून बसायचे. जालन्याच्या दवाखान्यात चार दिवस काढले. हृदयाचा पंप कमजोर झालाय, डॉक्टर म्हणाले. आता गोळ्या कायमच्या, पाणी मोजून, आणि मीठ जवळजवळ बंद. लोणचं, पापड, फरसाण, बेकरीतलं काही नाही. मी हे सगळं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून वाटूरच्या स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवलं, तिसरीच्या वर्गात पाढे लावतात तसं. मायला वाचता येत नाही हे माझ्या लक्षात आलं तेव्हा डिंक वाळलेला होता.

मायला कागदाची गरज नव्हती. दवाखान्यातून घरी आल्या आल्या तिनं सांगून टाकलं, "ह्यायचं मीठ बंद, तर माहं बी बंद." कुठल्या देवापुढं नाही की कुणाला साक्षी ठेवून नाही. भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाली आणि त्या दिवसापासून दोघांचा स्वयंपाक एकाच पातेल्यात अळणी व्हायला लागला. उपासाला आमच्याकडे साधं मीठ चालत नाही, सैंधव चालतं. ते कुणी मीठ धरतच नाही. पण एकादशीला तिनं साबुदाणाही अळणीच खाल्ला. मी म्हणाले, "माय, सैंधव तर उपासालाही चालतं." ती म्हणाली, "खारट लागतं ना? मंग ते मीठच." मला ते अति वाटलं होतं.

अण्णा म्हणजे तीन भाकरींचा माणूस. हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यावर चार खडे मीठ वरून, आणि तेल. वरणात मीठ बेताचं असलं तर ताटातल्या कोपऱ्यातलं चिमटीनं घेऊन टाकायचे. आता चार महिने त्यांच्या जिभेला काहीच लागत नव्हतं. मायनं लिंबू पिळून पाहिलं, चिंच घातली, अंबाडीची भाजी केली, कारळाची चटणी लसूण वाढवून केली. सुरुवातीला ते कुरकुरायचे. "गवतच द्या मला, म्हंजी बैलाच्या दावणीला जाऊन बसतो," म्हणायचे. मायला त्या कुरकुरीचा आधार होता. मार्चपासून तेही बंद झालं.

मेमध्ये शाळेला सुट्टी लागली तशी मी महिनाभर राहायच्या तयारीनं वाटूरला आले. अण्णा ओट्यावर बाजेवर बसले होते. किती वाजले विचारलं तर त्यांनी कोपराकडं सरकलेलं घड्याळ मनगटापर्यंत खाली ओढून आणलं आणि मग मला वेळ सांगितली.

त्या दिवशी मी समोर बसून त्यांचं जेवण पाहिलं. अर्धी भाकर वरणात कुस्करली, दोनदा फिरवली, चार घास खाल्ले आणि म्हणाले, "झालं."  मायनं त्यांचं ताट आपल्या पुढ्यात ओढलं आणि उरलेलं स्वतः खाऊन टाकलं. रोज असंच चालत असणार, दोघांच्याही हातांना सवय झालेली दिसत होती. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. मी मायवर खेकसले, "असं कसं झालं म्हणू देते तू? भरव ना जबरदस्तीनं!" माय म्हणाली, "लेकरू हाय का ते?"

मिसोचा डबा माझ्या पिशवीत होता. नवरा महिनाभर एकटा राहणार, फ्रिजमधलं अनोळखी काहीतरी पोळीला लावून खाईल आणि पोट बिघडवून घेईल, या भीतीनं मी तो सोबत आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो उघडला.

वास उग्र होता. जुन्या गुळाच्या ढेपेचा आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीचा वास एकत्र केला तर साधारण तसा. बोटावर घेऊन चाटलं. आता लिहायलाच बसले आहे तर लपवत नाही: खारट होतं. चांगलं सणसणीत खारट.

मग मी काय विचार केला, ते मला आजही बराबर आठवतं, कारण तो विचार मी नंतर शंभर वेळा उलटापालटा करून पाहिलाय. मला वाटलं, हे सैंधवासारखं असणार. खारट आहे पण मीठ नाही. अशी वस्तू असते हे तर मी उपासाच्या ताटावर बसून लहानपणीच शिकलेली. शिवाय वर्षभर मुरलेलं. लोणचं घातल्यावर महिनाभर तोंडात धरवत नाही आणि मुरलं की कसं मऊ लागतं. म्हणजे मुरण्यात मीठ मरतं. आणि तिकडची म्हातारी माणसं रोज पितात, नव्वद-नव्वद वर्षं जगतात, असं लेकच सांगते. एवढी सगळी वकिली मी अर्ध्या मिनिटात केली. मिठाचा डबा मी उघडला नव्हता, एवढं मला पुरलं.

लेकीला फोन करून विचारता आलं असतं. पण तिला आजोबांच्या दुखण्याचं आम्ही नीट सांगितलंच नव्हतं. परक्या मुलखात पोर एकटी, उगाच जिवाला घोर नको, म्हणून 'जरा बीपी आहे' एवढ्यावर भागवलेलं. आता कुठल्या तोंडानं विचारणार?

तुरीचं वरण घोटून चुलीवरून उतरवलं. वाटीत चमचाभर मिसो घेऊन गरम वरणात कालवलं, पातेल्यात ओतलं आणि वरून लसूण-जिऱ्याची फोडणी दिली. जपानमध्ये कुणी हे पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं कोण जाणे, पण फोडणीशिवायचं वरण आमच्या घरात आजाऱ्यालाही कुणी देत नाही. वरण तांबूस झालं. मायनं पातेल्यात डोकावलं, कडेचं थोडं बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं.  मग मोरीत गेली आणि तिनं चूळ भरली. एकदा नाही, तीनदा.

"नासल्यावानी लागतंय का?" मी हसून विचारलं.

"वास येतोय," ती म्हणाली. "मला नको. मी ताकासंगं खाईन."

"तुला जपान पचायचं न्हाई," मी म्हणाले.

अण्णांनी पहिला घास घेतला. चावता चावता थांबले. माझ्याकडं पाहिलं, मग ताटाकडं, आणि परत खाली वाकले. अर्धी भाकर गेली, मग उरलेली अर्धी. ताटातलं वरण बोटानं पुसून घेतलं आणि ते म्हणाले, "अजून एक भाकर टाक."

मायचा हात तव्यावर तसाच राहिला. भाकर करपल्याचा वास आला तरी तिनं ती उलटली नाही. मीच पुढं होऊन उलटली.

"कशाचं हाय हे?" अण्णांनी विचारलं. सोयाबीनचं, असं सांगितल्यावर ते इतके हसले की ठसका लागला. वाटूरच्या शिवारात सोयाबीन आलं तेव्हापासून अण्णांनी ते पेरलं. पण ती खायची वस्तू आहे हे आमच्या घरात कधी कुणाला पटलं नव्हतं. काढायचं, मळायचं, पोत्यात भरायचं आणि मोंढ्यावर नेऊन विकायचं. एकदा मायनं शेंगा सोलून उसळ केली होती तर घरभर कच्चट वास सुटला आणि सगळी म्हशीपुढं गेली. "तीस वर्षं पेरून राह्यलो," अण्णा म्हणाले, "अन् चव आज कळून राह्यली. घ्या!"

ते पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, हे म्हणायची आता लाज वाटते, पण होते. मला रोज नवी कल्पना सुचायची. शेंगदाणे, लसूण आणि लाल मिरची कुटून त्यात मिसो घालून चटणी केली; अण्णांनी ती ठेच्यासारखी भाकरीवर पसरून खाल्ली. वांगं भाजून, सोलून त्यात कालवलं. आधी चमचाभर टाकायचे, मग त्यांना फिकं लागतंय असं दिसलं की दीड, मग दोन. माय तेवढं म्हणायची, "माहं वरण आधी काढून ठेव." मी काढून ठेवायचे आणि चिडवायचे. ती चिडायची नाही.

अण्णांच्या अंगात जोर आला. सकाळी काठी घेऊन फाट्यावरच्या हॉटेलात चहाला जायला लागले. तिथं बसणाऱ्या सगळ्यांना त्यांनी सांगितलं की आपलं सोयाबीन जपानी लोक वर्षभर मुरवून खातात आणि आपण मूर्खासारखं विकून टाकतो. दोघं जण तर संध्याकाळी डबा बघायला घरी येऊन गेले. पेरणीचे दिवस जवळ आले होते. शेत माझ्या चुलतभावाकडं बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, असलं तरी बियाणं अण्णाच निवडायचे. या वर्षी ते मोडणार असं मायनं धरलं होतं. पण त्यांनी पोतं सोडवलं, शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि चार दिवसांनी किती उगवले ते मला मोजायला लावलं. पंच्याऐंशी भरले. अण्णा खूश झाले.

त्याच दिवशी त्यांची चप्पल पायात जाईना.

ऊन फार आहे, पाय लोंबकळत ठेवून बसता, मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी घोट्याच्या वर सूज दिसली. मी बोटानं दाबलं, बोट काढलं, आणि तिथं खड्डा राहिला. तो भरून येईपर्यंत मी बघत बसले. मी लिहून लावलेल्या कागदावर सगळ्यात शेवटी हेच होतं: पायावर सूज आल्यास मीठ तपासा.

मी मीठ तपासलं. म्हणजे कसं, तर स्वयंपाकघरात गेले, मिठाचा डबा काढला आणि माय भाकरी थापत होती तिच्यासमोर धरला. "तू कुठं मीठ टाकून राह्यली का? खरं सांग. ते जेवून राह्यले म्हणून तुला मोह झाला असंल. चिमूटभर, कणकेत, कुठंतरी!"

मायनं मान वर केली नाही. "मिठाला माहा हात लागला न्हाई," ती म्हणाली.

"मग सूज आली कामून?"

ती भाकर थापत राहिली. मला तिच्या गप्प बसण्यात कबुली दिसली. वर्गात एखादी पोरगी खाली मान घालून उभी राहिली की मला जसं कळतं ना, तसं. मी तो डबा उचलला आणि शेजारच्या काकूंकडं नेऊन ठेवला. आता या घरात मिठाचा कणही नाही, असं येऊन दोघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं. आणि मग संध्याकाळच्या वरणात दोन चमचे मिसो कालवलं.

अण्णांच्या डोक्यात तोवर वेगळंच आलं होतं. मिसोचा डबा तळाला लागत होता. मुळात आपल्या घरात सोयाबीनचं पोतं असताना जपानची वाट कशाला पाहायची? रविवारी दुपारी लेकीला सुट्टी असते. त्यांनी मला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. स्वतः बियाण्यातलं दोन शेर सोयाबीन सुपात घेऊन बसले, तिला दाखवायला. मायला पण बोलावलं. ती चुलीपाशी बसली होती तिथूनच बघत राहिली.

"आजोबा, तुम्ही मिसो करणार?" लेक तिकडून हसली. तिला फार आनंद झाला होता. म्हणाली, सोयाबीन रात्रभर भिजवायचं, मऊ शिजवायचं, ठेचायचं. मग तांदळावर वाढवलेली एक बुरशी असते ती लागते, ती मी पाठवीन. "आणि मीठ. भरपूर. एक किलो सोयाबीनला जवळजवळ अर्धा किलो पडतं. त्यात कंजुषी केली ना, तर सगळं सडतं. लाल मिसोत तर सगळ्यात जास्त. म्हणून तर मम्मीला म्हटलं होतं जपून टाक."

मी फोन धरून होते. मी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी फोनकडं पाहिलं नाही. त्यांनी मायकडं पाहिलं. मायनं चुलीकडं पाहिलं. "मीठ?" असं कुणी म्हणालं नाही. त्या घरात चकित झालेली मी एकटीच होते.

"आजोबा? आवाज येतोय ना?" लेक विचारत होती.

"येतोय, बाळा," अण्णा म्हणाले. "बराबर सांगितलं तू." आणि त्यांनी सुपातलं सोयाबीन हळूच बाजूला सरकवलं.

सोमवारी पहाटे त्यांना पुन्हा दम लागला. जीपमध्ये मागच्या बाकावर मी त्यांना छातीशी टेकवून बसले होते, माय पायाशी. वाटूर ते जालना हा रस्ता मी आयुष्यभर केलाय, तो इतका लांब कधी नव्हता. प्रत्येक गतिरोधकाला अण्णांचा श्वास अडकायचा आणि मी त्या अडकलेल्या श्वासाबरोबर माझा श्वास धरून बसायचे. मला देवाचं नावसुद्धा घेता येईना. काय मागणार होते? मीच केलं होतं.

दवाखान्यात मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, चमच्यांसकट. मला वाटलं ओरडतील, आणि त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं. ते ओरडले नाहीत. "बाई, शरीराला वाट कळत नाही. कुठूनही आलं तरी मीठ ते मीठच," एवढंच म्हणाले आणि इंजेक्शन लिहायला लागले. खारट लागतं ना, मंग ते मीठच. हे मला एकादशीला, चुलीपाशी, वाचता न येणाऱ्या बाईनं सांगितलेलं होतं.

पाच दिवसांनी सूज उतरवून त्यांना घरी आणलं. गोळ्या दोन वाढल्या, पाणी आणखी कमी झालं. संध्याकाळी मायनं अळणी वरण वाढलं. अण्णांनी अर्धी भाकर कुस्करली, दोनदा फिरवली, चार घास घेतले. "झालं," म्हणाले. मायनं ताट आपल्याकडं ओढलं. मी भिंतीकडं तोंड करून बसले.

अण्णा बाजेवर आडवे झाले तेव्हा मी त्यांच्या उशाशी गेले. त्यांची उशी सारखी केली. तेच म्हणाले, "तुह्या वरणाला काही बोलू नको, बाई. ते पंधरा दिस चांगले गेले."

"तुम्हाला कळलं होतं?"

"चार महिने मीठ न्हाई जिभेवर. मला न कळायला काय झालं?"

मी मोरीत भांडी घासणाऱ्या मायपाशी जाऊन उभी राहिले. तिची पाठ माझ्याकडं होती. मिठाचा डबा तिच्यापुढं नाचवलेली मी. माफी मागायची म्हणून गेले होते, आणि तोंडातून भलतंच निघालं. "तुला पह्यल्या दिवशीच कळलं होतं. चूळ भरली तू. मंग बोलली का न्हाईस?"

मायनं हातातलं ताट विसळलं. पालथं घातलं. मग म्हणाली, "बोलणारच व्हते. तेवढ्यात ह्यायनी दुसरी भाकर मागितली."

तिनं वाटी घासायला घेतली.

"चार महिन्यांनी मागितली," ती म्हणाली. "मंग मला बोलता न्हाई आलं. रोज म्हणायचे, आज सांगते. रोज ते मागायचे."

"आणि मी तुला चोर ठरवलं."

"ठरव ना. तुला काय म्हणू? मला ठाऊक व्हतं, ते मी केलं. तुला ठाऊक न्हवतं, ते तू केलं." तिनं पदराला हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडं वळली. "आता तूच सांग, मी काय करू. दिलं तर अंगात पाणी भरतं. न्हाई दिलं तर माणूस वाळून राह्यला. तू शिकलेली हायेस. सांग."

पंचवीस वर्षं मी पोरांना सांगत आले आहे. कुणी काही विचारलं आणि मला उत्तर आलं नाही, असं माझ्या आठवणीत नाही. आलं नाही तरी मी काहीतरी देतेच. त्या दिवशी मायपुढं उभी राहून मला एक शब्द सुचला नाही. ती पुढचं भांडं घ्यायला वळली.

जूनमध्ये शाळा उघडायची म्हणून मी निघाले. पिशवी भरताना फ्रिज उघडला. डब्याच्या तळाशी बोटभर जाडीचा लाल थर उरला होता. तो मी उचलला तशी माय मागून म्हणाली, "तो डबा नेऊ नको."

मी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहत नव्हती. मी डबा परत ठेवला, दुधाच्या पातेल्याच्या मागं, आणि फ्रिजचं दार लावलं. तो नेला असता तरी चाललं नसतं आणि ठेवला तेही बरोबर नव्हतं, हे मला एसटीत बसल्यावर कळलं. पण तोवर गाडी फाट्यावरून वळली होती.

आता मी रोज संध्याकाळी सात वाजता फोन करते. बोलणं ठरलेलं आहे. गोळ्या दिल्या का, पाणी मोजलं का, ऊन आहे का पाऊस आहे. मग मी विचारते, "अण्णा जेवले?"

"जेवले."

"किती?"

बहुतेक दिवशी माय म्हणते, "अर्धी." म्हणजे डबा बंद आहे, आणि घड्याळ कोपराकडं सरकतंय. एखाद्या दिवशी म्हणते, "दीड." त्या दिवशी मी फोन कानाला तसाच धरून उभी राहते. बोटानं दाबून पाहावं असे ते पाय माझ्यापासून इतके लांब आहेत. पाय कसे आहेत असं विचारलं तर ती ठीक आहेत म्हणेल. खरं विचारलं तर खरं सांगेल, आणि मग पुढचं मला सांगावं लागेल. म्हणून मी विचारत नाही.

काल मी विचारलं, "किती?"

 मायच्या मागून अण्णांचा आवाज येत होता. कुणाशीतरी सोयाबीनबद्दल बोलत होते, हसत होते.

"दोन," माय म्हणाली.

"बरं," मी म्हणाले.